सगळ्यांनी मिळून दिलेलं उत्तर

मी ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला त्याचं नाव ‘विकासात्मक मानसशास्त्रातील संशोधन पद्धती’. पहिले दोन महिने हे नाव मला वहीत बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं. शेजारणीनं विचारलं की मी म्हणायचे, “लहान मुलांचा अभ्यास कसा करायचा, ते शिकते.” त्यावर ती म्हणायची, “मग एकतीस वर्षं काय करत होता?” हा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी न्यायचे.

एकतीस वर्षं मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. हे काम बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, म्हणून सांगते. अंगणवाडी सेविका एका वस्तीतली लहान मुलं सांभाळते, खिचडी खाऊ घालते, गाणी शिकवते, वजनं करते. अशा पंचवीस-तीस सेविकांवर एक पर्यवेक्षिका असते. तिनं फिरत राहायचं, वजनकाटा शून्यावर येतो का बघायचं, रजिस्टरं तपासायची आणि दर तिमाहीला मुलांची ‘विकास तपासणी’ करायची. म्हणजे या वयाच्या मुलाला अवयव दाखवता येतात का, रंग ओळखता येतात का, सांगितलेलं करता येतं का. येत असेल तर बरोबरची खूण, येत नसेल तर शेरा, आणि खाली सही.

या कामात माझा हात फार चालायचा. मी दारातच उभी राहायचे आणि विचारायचे, “नाक कुठंय?” अठ्ठावीस बोटं नाकावर. एखाद्याचं बोट शेजाऱ्याच्या नाकावर असायचं, पण ते खपून जायचं. “लाल रंग कुठंय?” अठ्ठावीस बोटं भिंतीवरच्या टोमॅटोकडे. “मोठ्यांना नमस्कार कसा करायचा?” अठ्ठावीस मुंड्या खाली. सेविकेनं ठेवलेला चहा निवायच्या आत अंगणवाडी तपासून व्हायची. कार्यालयातले साहेब बैठकीत माझा अहवाल हातात धरून बाकीच्यांना दाखवायचे, “हे बघा, साळवेबाईंचं काम.” बाकीच्या पर्यवेक्षिका माझ्याकडे अशा बघायच्या की माझा डबा त्या दिवशी मी एकटीच खायचे. पण माझा एकही अहवाल कधी उशिरा गेला नाही, आणि निवृत्तीच्या भाषणात मी हे दोनदा सांगितलं.

निवृत्तीनंतरचे सहा महिने मी घराची तपासणी केली. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, सुनेच्या फ्रिजला शेरे दिले. शेवटी सुनेनंच विद्यापीठाची जाहिरात वर्तमानपत्रातून कापून माझ्या चष्म्याखाली ठेवली.

विद्यापीठातल्या खिडकीवरच्या क्लार्कनं अर्ज बघितला आणि विचारलं, “मुलगी कुठंय?” मी म्हटलं, “मीच ती मुलगी.” मग पत्त्यावर हर्सूल बघून तो म्हणाला, “जेलच्या अलीकडं का पलीकडं?” हर्सूलच्या माणसाला हा प्रश्न जन्मभर चुकत नाही. मी म्हटलं, “पलीकडं. सुटून आले.” त्यानं न हसता शिक्का मारला.

हजेरीपटावर आम्ही बारा होतो आणि बाकांवर पाच. शिकवायला निकम सर. माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे, हुशार आणि भले, पण भित्रे. त्यांना भीती होती ती डेटा बिघडण्याची. “डेटा स्वच्छ पाहिजे,” हे त्यांचं रोजचं वाक्य. मुलं कशीही चालतील. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं की निरीक्षकानं तटस्थ राहायचं, मुलाला कसलीही मदत करायची नाही. मी हात वर केला.

“सर, नाक वाहत असलं तर?”

“नोंद करा.”

“पुसायचं नाही?”

“आधी नोंद करा, मॅडम.”

मी ते वहीत उतरवून घेतलं. आयुष्यात मी इतकी नाकं पुसली होती, पण नोंद एकाचीही केली नव्हती.

मग आमच्या हातात एक प्रश्नावली आली. ती परदेशात तयार होऊन इकडे कोणीतरी मराठीत उतरवली होती. तिच्यात विचारलं होतं, ‘बर्फात जाताना मूल हातमोजे स्वतः घालते का?’ सरावासाठी मी हा प्रश्न माझ्या जुन्या फिरतीतल्या पाचोडच्या बाजारात एका ओळखीच्या बाईला विचारला. तिनं बराच विचार करून सांगितलं, “बर्फाचा गोळा खाताना हातमोजे नाय घालत. शर्ट तेवढा काढून ठिवते मी त्याचा.” मी सरांना म्हटलं, हातमोज्यांच्या जागी चपला घालूया. सर म्हणाले, “मग ती चाचणी प्रमाणित राहणार नाही.”

“पण मग आपल्याकडच्या एकाही मुलाला हातमोजे घालता येत नाहीत, असं निघेल.”

“तसं निघालं तर तो निष्कर्ष आहे,” सर म्हणाले. चहाला सगळे हसलो, सरही हसले, पण प्रश्नावलीत चपला आल्या नाहीत.

सत्राच्या शेवटी प्रत्येकाला एक प्रकल्प करायचा होता. माझ्या वाट्याला पाण्याचा प्रयोग आला. प्रयोग साधा आहे. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्यायचं. मूल म्हणालं की हो, सारखं आहे, की त्याच्यासमोर एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओतायचं आणि विचारायचं, आता पाणी सारखंच आहे की कुठं जास्त आहे? चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं उंच ग्लासाकडे बोट दाखवतात. पाणी तेवढंच आहे, हे पुढे दोन-तीन वर्षांनी त्यांच्या लक्षात येतं. अशी वीस मुलं तपासायची होती.

मुलं कुठं मिळतील, हा बाकीच्या चौघांना प्रश्न होता. मला नव्हता. मी पाचोडच्या पुढच्या एका वस्तीवरच्या शोभाताईला फोन लावला. शोभाताई माझ्या हाताखालची जुनी सेविका. तिला म्हटलं, विद्यापीठाचा अभ्यास आहे, चार-पाच वर्षांची वीस मुलं लागतील, पाणी या ग्लासातून त्या ग्लासात ओतून सारखं आहे का विचारायचंय. “या की मॅडम, मंगळवारी,” ती म्हणाली.

त्याआधी पालकांच्या सह्या लागत होत्या. विद्यापीठाच्या नैतिकता समितीनं चार पानी संमतीपत्र दिलं होतं. मुलाला क्रमांक दिला जाईल, नाव गुप्त राहील, मिळालेली माहिती कोणालाही सांगितली जाणार नाही, असं बरंच काही त्यात होतं. एका आजोबांनी चारही पानं उलटून पाहिली आणि विचारलं, “यात शेत तर नाय ना जात?” बाकीच्यांनी तेही विचारलं नाही. साळवेमॅडमचा कागद आहे म्हटल्यावर वस्तीनं सह्या केल्या. मला त्याचा अभिमान वाटला, हे कबूल करते.

मंगळवारी पोचले तेव्हा वीस मुलं तेल लावून, भांग पाडून रांगेत बसली होती. पेले मांडले. आता खरं तर एकेका मुलाला बाजूला घेऊन विचारायचं होतं, तसं लेखी होतं. पण परतीची बस चारची होती आणि सवय एकतीस वर्षांची. मी दारात उभी राहून ग्लास उचलला, पाणी ओतायला वाकले आणि ओतायच्या आधीच वीस जण ओरडले, “सारखंच हाय!” वर सगळ्यांनी दोन्ही तळवे जुळवून दाखवले.

शोभाताईच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. “एक बी चुकला नाय, मॅडम. आठ दिस घासून घेतलेत.”

“अगं, पण शिकवायला कोणी सांगितलं होतं?”

“तुम्ही येनार म्हन्लं की आम्ही कवा न शिकवता बसवलीत का पोरं?” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी कामाची रीत विसरले की काय, एवढंच तिला वाटलं होतं.

मला हसू आलं. आणि मग मी जे करायला नको होतं ते केलं. वीस मुलं, वीस बरोबर उत्तरं, असा तक्ता भरला आणि सरांना देऊन टाकला. अहवाल वेळेत गेला.

निकम सर तक्ता बघून उभेच राहिले. मराठवाड्यातली मुलं जगाच्या दोन वर्षं पुढे आहेत, असं त्यातून निघत होतं. सरांनी त्याच दिवशी परिषदेसाठी निबंधाचं शीर्षक ठरवलं. ते चार ओळींचं होतं. वसतिगृहातल्या पोरांनी मला पाण्याच्या मॅडम म्हणायला सुरुवात केली. चार दिवस मी ते ऐकून घेतलं, पाचव्या दिवशी सरांच्या खोलीत जाऊन खरं काय ते सांगितलं.

सरांनी तक्ता पुन्हा समोर ओढला. शिकवलेलं होतं, याचं त्यांना वाईट वाटलंच, पण त्यांनी विचारलं ते वेगळंच.

“मॅडम, तुम्ही प्रत्येकाला वेगळं विचारलं होतं ना?”

“नाही. सगळ्यांना मिळून.”

“मग या वीस नोंदी नाहीत. ही एकच नोंद आहे.”

एवढं बोलून त्यांनी शीर्षकाचा कागद घडी करून खणात टाकला. मला म्हणाले, पुन्हा जा, एकेकाला विचारा, सेविकेला जवळ थांबू देऊ नका. मी हो म्हटलं. विद्यापीठाच्या गेटपर्यंत चालत येताना पहिल्यांदा मला माझी जुनी रजिस्टरं आठवली आणि बरं वाटलं नाही.

दुसऱ्या खेपेला मी, अंगणवाडी जिथं भरते त्या समाजमंदिराच्या ओट्यावर चटई टाकली. शोभाताईला सांगितलं की तू आतच बस, बाहेर यायचं नाही. ती रुसली, पण बसली. मुलं एकेक करून यायला लागली आणि आठ दिवसांची घासाई पाच मिनिटांत उतरली. एकाला मी नाव विचारलं तर तो म्हणाला, “सारखंच हाय.” एकानं उंच ग्लासातलं पाणी पिऊन टाकलं आणि रिकामा ग्लास मला परत दिला. एक मुलगी म्हणाली, “ह्याच्यात जास्त हाय, पन बाईला नका सांगू.” मला फार मजा आली. इतकी वर्षं मुलांत काढून त्यांच्याशी अशी एकेकट्याशी मी कधी बोललेच नव्हते.

मग दिशा आली. तिला पाचवं वर्ष लागलेलं, दोन घट्ट वेण्या, नीटनेटका फ्रॉक. मंगळवारी तिनं सगळ्यांबरोबर तळवे जुळवले होते, माझ्या चांगलं लक्षात होतं. मी विचारलं, “नाव काय तुझं?” ती माझ्या ओठांकडे बघत हसली. मी पाणी ओतून विचारलं, “आता सारखं आहे का?” ती पुन्हा हसली आणि मान वळवून तिनं शेजारी बघितलं. शेजारी कोणीच नव्हतं. अंगणवाडीत तिथं नेहमी गौरी नावाची मुलगी बसते. तिनं मागे बघितलं, दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून हळूच तळवे जुळवले आणि ते चालत नाही असं दिसल्यावर नाकावर बोट ठेवलं. मग मान खाली घालून नमस्कार केला. तिला येत होतं ते सगळं तिनं करून दाखवलं.

मी उठून तिच्या मागे गेले आणि टाळी वाजवली. ती पेल्यांकडेच बघत होती. मी खिचडीचं स्टीलचं ताट उचललं आणि फरशीवर सोडलं. ओट्याखाली झोपलेलं कुत्रं उठून पळालं. आतून शोभाताई धावत आली. दिशानं मान वळवली नाही.

“लाजाळू हाय ती, मॅडम,” शोभाताई म्हणाली. “बोलंल उशिरा. हिची आत्या बी उशिराच बोलली.”

मी ताट उचलून ठेवलं आणि परत येऊन थेट निकम सरांना गाठलं. सगळं ऐकून सर म्हणाले, “वगळा तिला. चाचणीतल्या सूचना समजणं हा आपला निकष आहे. एकोणीस चालतील.” तक्त्यात वगळण्याचं कारण लिहायला छोटासा रकाना होता. मी लिहिलं, ‘ऐकू येत नाही.’ सर म्हणाले, हे निदान झालं, ते आपल्याला करता येत नाही, ‘प्रतिसाद अनुपलब्ध’ लिहा.

“आणि तिच्या आईला कोण सांगणार?” मी विचारलं.

सरांनी संमतीपत्राचं तिसरं पान काढलं. माहिती कोणालाही सांगितली जाणार नाही, असं आपणच लिहून दिलंय, म्हणाले. “कोणालाही म्हणजे आईलाही का, हे समितीला विचारावं लागेल. पुढच्या महिन्यात बैठक आहे.” सर वाईट नव्हते. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. पण कागदाविरुद्ध जायची त्यांना सवय नव्हती, आणि कागदाविरुद्ध न जाणाऱ्या एका बाईला मी चांगली ओळखते, तिच्याबरोबर एकतीस वर्षं राहिले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचोडची बस धरली. ‘संशोधकाने तटस्थता सोडली’ म्हणून त्या प्रकल्पाला मला पुढे काठावरचे गुण मिळाले. ते योग्यच होते.

दिशाची आई संगीता कापूस वेचायला निघाली होती. मी तिला थांबवलं आणि जमेल तसं सांगितलं. दिशाला ऐकू येत नसावं, कानाच्या डॉक्टरला दाखवायला हवं, लवकर. मला वाटलं, ती रडेल किंवा माझ्यावर चिडेल. तिनं कापूस भरायला कमरेला बांधलेला ओटा सोडला, आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून दिशाचं अंगणवाडीचं कार्ड घेऊन आली.

“मला वाटलंच व्हतं,” ती म्हणाली. “तिसरं लागलं तवाच मी शोभाताईला म्हनलं, ही हाकंला वळत नाय. त्या म्हनल्या, मॅडम येनार हायेत, तपासतील. तुम्ही आल्या. मी दारातच उभी व्हते बघा. तुम्ही इचारलं नाक कुठंय, हिनं दावलं. रंग इचारला, त्यो बी दावला. मालक म्हनत व्हते शहरात दवाखान्यात नेऊ. मीच म्हनलं, कशाला, मॅडमनी तपासलंय.”

कार्डावर सगळ्या बरोबरच्या खुणा होत्या. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘लाजाळू. बाकी सर्व ठीक.’ खाली माझी सही. वळणदार, मला आवडणारी.

माझं चुकलं, एवढे दोन शब्द म्हणायला हवे होते. मी म्हटलं, “चल, उद्याच नेऊ.” तिनं विचारलं, “तुम्ही येताल का संगं? मला शहरातलं काय कळत नाय.”

दवाखान्यात आमचा नंबर दुपारी लागला. कानाच्या डॉक्टर तरुण होत्या, चटपटीत, आणि बाहेर खूप गर्दी होती. त्यांनी दिशाला खेळणी देऊन बसवलं, मागून वेगवेगळे आवाज केले, कानात बघितलं. मग झोपेचं औषध देऊन एक मोठी तपासणी करायची म्हणाल्या आणि ती झाली. निकाल आला तेव्हा मी संगीताच्या शेजारीच बसले होते. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. यंत्र बसवता येईल, शिकवताही येईल, डॉक्टर म्हणाल्या, पण बोलायला शिकायची सगळ्यात चांगली वर्षं हातची गेली आहेत. तीन वर्षांची असताना आणली असती तर फार फरक पडला असता.

“इतके दिवस का नाही आणलं?” त्यांनी कागदावरून मान वर न करता विचारलं.

संगीतानं माझ्याकडे बघितलं. माझ्या पिशवीत तिनं दिलेलं ते कार्ड होतं. ते काढून टेबलावर ठेवायला मला क्षणभरही लागला नसता. मी पिशवीचा बंद धरून बसले.

“कापसाचं काम असतंय,” संगीता म्हणाली. “राहून गेलं.”

डॉक्टरांनी लिहिलं. मला उलटं वाचता येतं, रजिस्टरं तपासून तपासून ती सवय लागली आहे. ‘उशिराचे कारण: पालकांचे दुर्लक्ष.’

तेव्हा कुठं मी कार्ड काढलं. टेबलावर ठेवलं, सहीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, “ते खोडा, डॉक्टर. हिनं वेळेत दाखवलं होतं. तपासणी मी केली होती. तिथं माझं नाव लिहा.”

डॉक्टरांनी कार्ड बघितलं, मला बघितलं. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण आवाज मऊ झाला. “आजी, या फॉर्मात पालकांचं दुर्लक्ष, आर्थिक अडचण आणि इतर, एवढेच पर्याय आहेत. आणि आता एंट्री झालीय.”

बाहेरचा पुढचा नंबर पुकारला गेला. दिशा खेळण्यातल्या गाडीसकट आईच्या कडेवर चढली. संगीतानं कागद घेतला, न वाचता पिशवीत ठेवला आणि मला म्हणाली, “चला मॅडम, बस जाईल.”

त्या कागदावर ते दुर्लक्ष अजून तिच्याच नावावर आहे.